वळणावरचे पाच अपघात

घाटातल्या एखाद्या वळणावर ‘वर्षाला सरासरी दोन अपघात’ होतात असे म्हटले, की ऐकणारा दरवर्षी दोन असे धरून चालतो. हिशेब तसा नाही. अपघातांचा एकमेकांशी संबंध नसेल आणि त्यांची शक्यता वर्षभर सारखीच असेल, तर त्यांना प्वासाँ वितरण हे संख्याशास्त्रातले प्रतिमान लागू पडते. त्यानुसार बरोबर दोन अपघातांची वर्षे शंभरात सत्तावीसच निघतात. साडेतेरा वर्षे कोरी जातात, आणि पाच वर्षांत पाच किंवा त्याहून जास्त अपघात होतात.

या प्रतिमानावरचा पहिला आक्षेप असा, की हे गणित फाशांपुरते ठीक. व्यवहारात संकटे झुंडीने येतात, तेव्हा त्यांमागे काहीतरी असलेच पाहिजे. आक्षेप घेणाऱ्याची समजूत अशी, की यदृच्छेने घडणाऱ्या गोष्टी रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या समान अंतरावर पडतात. खरे तर समान अंतर राखायलाच कोणाचा तरी हात लागतो. मोकळे सोडलेले ठिपके कुठे दाटतात, कुठे विरळ होतात.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर जर्मनीचे उडते बॉम्ब पडत होते, तेव्हा काही भाग नेमके हेरले जात आहेत अशी लोकांची खात्री होती. आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञाने १९४६ साली ती तपासली. दक्षिण लंडनच्या १४४ चौरस किलोमीटरचे त्याने ५७६ सारखे चौकोन पाडले आणि त्यांत पडलेले ५३७ बॉम्ब मोजले. २२९ चौकोनांत एकही बॉम्ब नव्हता, २११ चौकोनांत एक, ९३ मध्ये दोन, ३५ मध्ये तीन, सातांत चार. एका चौकोनात मात्र सात. प्वासाँचा हिशेब पहिल्या पाच गटांना अनुक्रमे सुमारे २२७, २११, ९९, ३१ आणि ७ चौकोन देतो. ज्या चौकोनावर सात बॉम्ब पडले, तिथल्या रहिवाशांना हे पटवणे अवघडच गेले असते. पण आकड्यांत नेम धरल्याचा मागमूस नाही.

आता पुन्हा घाटात. दोनच्या सरासरीची शंभर वळणे असतील, तर कोणत्याही वर्षी त्यांतल्या पाचेक वळणांवर, विशेष काही कारण नसताना, पाच किंवा जास्त अपघात होतील. मग तिथे कोणी नारळ फोडतो, कोणी शेंदूर लावलेला दगड बसवतो, बांधकाम खाते गतिरोधक घालते. पुढच्या वर्षी अपघात पाचाच्या खाली येण्याची शक्यता, काहीही केले नाही तरी, सुमारे ९५ टक्के असते. श्रेय मात्र नारळाला किंवा गतिरोधकाला जाते, आणि या एका बाबतीत अभियंता आणि नारळवाला एकाच पंगतीत बसतात. गतिरोधक निरुपयोगी असतो असा याचा अर्थ नव्हे. त्याचा गुण दाखवायचा तर तितकेच अपघात झालेली काही वळणे गतिरोधकाविना ठेवून ताडून पाहावे लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्रतिमान निष्पापाला तुरुंगात धाडू शकते. इंग्लंडमध्ये १९९९ साली सॅली क्लार्क या आईला आपल्या दोन तान्ह्या मुलांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. तिच्यासारख्या कुटुंबात अर्भक अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ त एक, म्हणून दोन दगावण्याची सुमारे ७.३ कोटींत एक, असे तज्ज्ञ डॉक्टरने न्यायालयात सांगितले होते. आकडा आला कसा, तर ८,५४३ ला ८,५४३ ने गुणून. एकाच घरातल्या दोन भावंडांचे मृत्यू परस्परांशी असंबद्ध आहेत हे त्यात नुसते गृहीत धरले होते. शिवाय निर्दोष घरात असे घडण्याची शक्यता म्हणजे आई निर्दोष असण्याची शक्यता नव्हे. शिक्षा २००३ मध्ये रद्द झाली, ती मुख्यतः बचाव पक्षाला न दिलेल्या वैद्यकीय चाचण्यांच्या निष्कर्षांमुळे. पण या आकड्यावर रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्येच जाहीर आक्षेप घेतला होता. म्हणजे चूक पकडली ती याच शास्त्राने. गुन्हा गुणाकाराचा नव्हता, न तपासलेल्या गृहीतकाचा होता.

आणि ते गृहीतक तपासता येते. प्वासाँ वितरणात सरासरी आणि प्रचरण, म्हणजे आकड्यांच्या विखुरणीचे माप, सारखे असतात. लंडनच्या चौकोनांत सरासरी ०.९३ आणि प्रचरण ०.९७ निघते. शहरातल्या प्रभागवार डेंग्यूच्या रुग्णसंख्येत प्रचरण सरासरीच्या कितीतरी पट निघाले, तर प्रतिमान तिथे मोडले, आणि मोडल्यानेच साचलेल्या पाण्याचा शोध घ्यायला पक्के कारण मिळाले. मात्र मोजणी घटनांची हवी. वळणावर एक जीप उलटून सहा जण दगावले तर नोंद एका अपघाताची करायची. सहा मृत्यू वेगवेगळे मोजले, तर एकमेकांना बांधलेल्या गोष्टी सुट्या धरण्याची तीच चूक पुन्हा होते.