चामडे पारखून घ्यावे



मागील अंकी या सदरात पावसाळ्यातील विहिरीच्या पाण्याविषयी लिहिले होते. या खेपेस एका निराळ्या विषयाकडे वळतो. निपाणीपासून अथणीपर्यंतच्या आपल्या या सीमाभागात कोल्हापुरी चपलेच्या धंद्याने कित्येक घरांच्या चुली पिढ्यान्‌पिढ्या पेटत्या ठेवल्या आहेत. त्या धंद्यासाठी हत्यारे कोणती घ्यावीत, आणि मुख्यतः चामडे कसे घ्यावे, हा तो विषय होय. निमित्त घडले ते असे.

ज्येष्ठाच्या अखेरीस एके सायंकाळी एक विधवा भगिनी आपल्या मुलास घेऊन धर्मगुरुनिवासाच्या ओट्यावर आली. मुलगा बेळगावच्या एका फौंड्रीत कामाला होता. ते काम सुटल्यावर वडिलांची रापी पुन्हा हाती घ्यावी, असे त्याच्या मनाने घेतले. थोडे साठवलेले पैसे होते, आईने दोन बांगड्या गहाण टाकून त्यात भर घातली, आणि दूरच्या एका व्यापाऱ्याकडून केवळ फोनवर बोलून त्याने चामडे मागविले. आले ते दिसावयास सुरेख, मऊ, एकसारख्या रंगाचे. त्याचे त्याने वीस जोड केले. महिन्याच्या आत दुकानदाराने चौदा जोड परत धाडले. तळ फुगलेले, पट्टे सैल पडलेले, कडा पिंजलेल्या. "फादर, तुम्हीच याला सांगा, पुन्हा फौंड्रीची वाट धर म्हणावं," माउली म्हणाली. मुलगा मान खाली घालून बसला होता.

मला त्यातले काय कळणार? एक जोड घेऊन मी गावातील एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्यांनी शिवण दोन बोटांनी ओढून पाहिली, चप्पल उलटी केली, कड नखाने खरवडली आणि म्हणाले, "हात बापाचाच आहे, फादर. चामडं फसवं आहे." पुढे जे लिहितो आहे ते बहुतांशी त्यांच्या ओट्यावर तीन दुपारी बसून शिकलेले, आणि उरलेले पुस्तकांवरून पडताळून घेतलेले आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, बाजारात ज्याला सरसकट 'चामडे' म्हणतात त्यात दोन अगदी भिन्न जाती आहेत. एक झाडांच्या साली व फळे यांच्या अर्काने कमावलेले. आपल्याकडे त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरीत आले. तमिळनाडूकडे तरवडाची साल. कच्चे कातडे चुन्यात मुरवून केस काढावयाचे, मग सालीच्या पाण्यात ठेवावयाचे. जुन्या रीतीने याला महिना-दीड महिना लागे. प्रेषित पेत्र यापो येथे कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी राहिले, ते घर समुद्राकाठी होते, असे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. ते काठावरच का, हे ज्याने कातडी धुण्याचे पाणी आणि त्याचा वास अनुभवला आहे त्याला सांगावयास नको. दुसरी जात क्रोमची. यात क्रोमियम या धातूच्या क्षारांनी कातडे अल्पावधीत कमावले जाते. हे चामडे मऊ असते, पाण्याने लवकर बिघडत नाही, बुटांच्या वरच्या भागास व पिशव्यांस उत्तम. त्याला वाईट म्हणण्याचे कारण नाही. परंतु कोल्हापुरी चपलेचे काम त्याच्याने होत नाही. कोल्हापुरीचा तळ पाण्याने भिजवून, ठोकून घट्ट करावयाचा असतो आणि वाळल्यावर त्याने तो आकार धरून ठेवावयाचा असतो. हा गुण सालीच्या चामड्याचा. क्रोम कितीही ठोका, ते स्पंजासारखे पुन्हा वर येते. त्या मुलाचे चौदा जोड फुगले ते यामुळेच.

मग ओळखावे कसे? चार परीक्षा सांगतो. चारही घरच्या घरी होतात. पहिली, ताजी कापलेली कड पाहावी. सालीच्या चामड्याची कड आरपार तपकिरी असते. क्रोमची कड बहुधा मध्यभागी निळसर किंवा करडी दिसते. मात्र हल्ली आतपर्यंत रंग मुरवलेले क्रोम मिळते, म्हणून एवढ्यावर विसंबू नये. दुसरी, पाण्याचा थेंब. सालीचे चामडे तो लगोलग पिते व तेथे गडद होते, ओल्यावर नख दाबले तर ठसा राहतो. वरून लेप चढविला असेल तर ही परीक्षा पाठीमागच्या बाजूने करावी. तिसरी परीक्षा लोखंडाची. तुकडा व्हिनेगरने ओला करून त्यावर साधा लोखंडी खिळा रात्रभर ठेवावा. खिळ्याला जस्ताचा मुलामा नसावा. सालीतील तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होऊन सकाळी तेथे काळाकुट्ट डाग पडलेला दिसतो. शुद्ध क्रोमवर असा डाग पडत नाही. फार तर गंजाची पिवळट खूण राहते. परंतु व्यापारात एक मिश्र जातही आहे, जिला सालीची व क्रोमची अशी दोन्ही पुटे दिलेली असतात. ती या परीक्षेत काळी पडून फसवू शकते. म्हणून चौथी परीक्षा टाळू नये. बोटभर पट्टी कापून खळखळ उकळत्या पाण्यात दोन मिनिटे सोडावी. सालीचे चामडे आक्रसते, वळते, वाळल्यावर लाकडासारखे कठीण होते. क्रोमची पट्टी जशीच्या तशी बाहेर येते. आमच्या स्वयंपाकघरात हा प्रयोग आम्ही त्या मुलासमक्ष केला. पट्टी जशी गेली तशी परत आली. त्याने ती बराच वेळ हातात धरून ठेवली होती.

कित्येक जण चामडे जाळून राखेचा रंग पाहावयास सांगतात. तसे करू नये. क्रोम चामडे जाळले असता त्यातील क्रोमियमचे विषारी रूप उत्पन्न होऊ शकते. कामातून उरलेल्या कपट्या सरपण म्हणून चुलीत घालण्याची सवय काही घरांत पाहिली. ती आजच मोडावी.

आता खरेदीविषयी. चांगले चामडे पूर्वीसारखे गावोगावी मिळत नाही, याला कारणेही आहेत. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आली. कर्नाटकात २०२१ पासून लागू झालेल्या कायद्याने गोवंशाबरोबर १३ वर्षांखालील म्हशीही आल्या. गावोगावच्या कमावणीच्या जागाही बऱ्याच बंद पडल्या. आता चेन्नई, इरोड आणि कोलकाता येथून आलेला माल कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांमार्फत, क्वचित मुंबईच्या धारावीहून, आपल्यापर्यंत पोहोचतो. हात इतके बदलतात की, विकणाऱ्यालाही कधी कधी आपण काय विकतो हे ठाऊक नसते. तेव्हा लबाडीचा आरोप सहसा करू नये. आपणच डोळस असावे.

प्रथम स्वतः जावे, आणि सोबत जाणता माणूस न्यावा. जाणे शक्यच नसेल तर तळहाताएवढा तुकडा आधी टपालाने मागवावा, वरील परीक्षा कराव्यात, मगच पैसे धाडावेत. पहिल्या खेपेस अख्खे नव्हे, अर्धे चामडे घ्यावे. पावतीवर 'सालीने कमावलेले' असे स्पष्ट लिहून घ्यावे. जो लिहून देण्यास कां-कूं करील त्याच्या दुकानाची पायरी उतरावी. तळाचे जाड चामडे वजनावर मिळते, वरचे पातळ चौरस फुटावर. चौरस फुटाचा आकडा मागील बाजूस लिहिलेला असतो. मोठ्या आकड्याला जोडून लहान आकडा असेल तर ते बहुधा पाव फूट समजावेत. म्हणजे १८ ला जोडून लहान २ असेल तर साडेअठरा. वजनाच्या मालात ओल नाही ना, हे हाताने पाहावे, नाहीतर पाण्याचे पैसे जातात. आणि हिशेब करताना पाचवा हिस्सा तरी कपट्यांत जाणार असे धरावे. नवखे लोक तो धरीत नाहीत आणि मग जोडाची किंमत कमी लावून बसतात.

चामड्याचे अंगही सारखे नसते. पाठीचा भाग घट्ट, पोटाचा ढिला व ताणणारा, मानेचा सुरकुत्यांचा. तळ आणि पट्टे पाठीतून, आणि पट्टा कण्याच्या दिशेने लांब कापावा. आडवा कापलेला पट्टा चार दिवसांत सैल पडतो. पोटाच्या चामड्याचे आतले लहान तुकडे करावेत. तळाला म्हशीचे चामडे आणि वेणीला शेळीचे, ही जुन्यांची निवड आजही योग्यच आहे.

हत्यारांविषयी थोडक्यात सांगतो, कारण इथेच अकारण पैसा जातो. तो मुलगा शिवणयंत्र हप्त्यावर घेण्याच्या विचारात होता. आमच्या वृद्ध कारागिरांनी आपली पेटी उघडून दाखविली: दोन रापी, तीन आऱ्या, एक हातोडी, एक पकड, भोके पाडण्याचे पंच, निसणा, ठोकण्याचा दगडी पाटा आणि पत्र्याचे कापलेले नमुने. "चाळीस वर्षं झाली, एवढ्यावर मुलींची लग्नं केली," एवढेच ते म्हणाले. त्यांची एक रापी गावच्या लोहाराने जुन्या करवतीच्या पात्याची करून दिलेली आहे, आणि दुकानच्या झगझगीत रापीपेक्षा ती धार अधिक काळ धरते. निसण्यावर पाणी टाकून धार लावावी, नंतर चामड्याच्या पट्टीवर चार वेळा उलटसुलट ओढावी. बोथट रापीला जोर लागतो, आणि जोर लावलेली रापी घसरली की बोटावरच येते. आरी वादीच्या मानाने बारीक असावी. वादी ओली करून ओढावी, म्हणजे वाळताना ती आवळून बसते आणि खिळ्याची गरजच उरत नाही. यंत्राचा विचार शंभर जोड हाताने विकल्यावर करावा.

डब्यातील चिकटद्रव्याविषयी मात्र आयाबहिणींना विशेष सांगावयाचे आहे, कारण वेणी व शिवणीचे काम त्याच करतात आणि मूल बहुधा मांडीशी असते. अशा काही द्रवांत हेक्झेन असते. विसाव्या शतकात इटली व जपान येथील पादत्राण-कामगारांच्या हातापायांच्या नसा त्याच्या वाफांनी निकामी झाल्याची नोंद आहे. बंद खोलीत ते वापरू नये. अंगणात किंवा पडवीत, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून वापरावे, आणि डबा मुलांच्या हाती लागू देऊ नये.

भांडवलाचा प्रश्न सर्वांत नाजूक. चर्मोद्योग महामंडळांच्या पुष्कळ योजना अनुसूचित जातींसाठी आहेत, आणि १९५० च्या आदेशान्वये ख्रिस्ती झालेल्या चर्मकारास ती गणना लागू होत नाही. त्या मुलाच्या वडिलांना एकदा याच कारणास्तव खिडकीवरून परत यावे लागले होते. या अन्यायाविषयी स्वतंत्रपणे लिहीन. तूर्त एवढेच सांगतो की, सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत पादत्राणे करणारा कारागीर हा १८ व्यवसायांपैकी एक आहे, आणि तेथे धर्माची किंवा जातीची अट नाही. प्राथमिक प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य, आणि तारणावाचून ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाखापर्यंत कर्ज, जे १८ महिन्यांत फेडावयाचे. कुटुंबातील एकाच व्यक्तीस नोंद करता येते. नवरा-बायको दोघेही काम करीत असतील तर कोणाचे नाव द्यावे हे घरात बसून आधी ठरवावे. नोंदणी सेवा केंद्रात आधारपत्र दाखवून होते. जाण्यापूर्वी ती चालू आहे ना, हे विचारून घ्यावे. हत्यारांचे पैसे मिळतात म्हणून वर सांगितलेल्याहून अधिक हत्यारे घेऊ नयेत.

बाजार नाही, अशी तक्रार आता करता येत नाही. कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळाले त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत, म्हणजे आपणही त्यात आलो. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात अगदी आपल्यासारख्या चपला मूळ गावाचे नाव न घेता मांडल्या, तेव्हा केवढा गहजब झाला, आणि मग त्यांना मूळ मान्य करावे लागले, हे आपण वाचले असेलच. नाव मोठे झाले की नकलाही वाढतात. क्रोमचे आणि रबराचे जोड कोल्हापुरी म्हणून रस्त्यावर ढिगाने आहेत. आपला जोड त्या ढिगात जाऊ नये, एवढ्याचसाठी हा सारा खटाटोप.

श्रावणात तो मुलगा त्या वृद्ध कारागिरांसोबत कोल्हापुरास गेला आणि अर्धे चामडे घेऊन आला. त्याच रात्री त्याने तुकड्यावर खिळा ठेवला. सकाळच्या मिस्सानंतर तो काळा डाग मला दाखवावयास आला. त्यातले सहा जोड त्याच दुकानदाराने ठेवून घेतले आहेत, पैसे मात्र विकल्यावर. बांगड्या अद्याप सुटलेल्या नाहीत. उरलेल्या क्रोम चामड्याच्या पैशाच्या पिशव्या आई शिवते आहे. त्या कामाला ते चामडे खरोखरच चांगले निघाले.

ज्यांना परीक्षा प्रत्यक्ष पाहावयाच्या असतील त्यांनी शनिवारी दुपारी तीननंतर आमच्या ओट्यावर यावे. आपापला तुकडा व आपली रापी बरोबर आणावी. व्हिनेगर आणि उकळते पाणी आमच्याकडे आहे.