गोषवारा म्हणजे सारांश नव्हे!

'पाच शोधनिबंधांचे सारांश लिहून आणा.' आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत हे काम कसं उरकतात ते सगळ्यांना माहीत आहे. निबंधाच्या डोक्यावरचा गोषवारा उचलायचा, चार शब्द बदलायचे, स्पायरल बाइंडिंग करायचं. सर पानं मोजतात, सही करतात. दोघेही खूश! भारतातून नोकरीसाठी आमच्याकडे येणाऱ्या अर्जांसोबतचे प्रोजेक्ट रिपोर्ट मी वाचतो, त्यातही हाच माल असतो.

यावर ठरलेला युक्तिवाद: गोषवारा खुद्द लेखकानेच लिहिलाय, त्याहून चांगला सारांश कोण लिहिणार?

इथेच तर गोम आहे. गोषवारा ही लेखकाने केलेली स्वतःच्या मालाची जाहिरात असते. इझाबेल बूट्रों आणि सहकाऱ्यांनी २०१० साली 'जामा'त एक पाहणी छापली. ज्यांच्यात उपचाराचा मुख्य फायदा सांख्यिकीच्या कसोटीवर उतरला नव्हता, अशा ७२ वैद्यकीय चाचण्या त्यांनी तपासल्या. त्यांपैकी ४२ गोषवाऱ्यांच्या निष्कर्षांत अपयशाला मुलामा दिलेला सापडला. म्हणजे गोषवारा उतरवणारा विद्यार्थी तो मुलामाही इमानेइतबारे उतरवतो. उद्या हाच डॉक्टर झाला तर औषध कुणाला मिळणार? तुम्हाआम्हाला!

सिंगापूरला नोव्हेनात टॅन टॉक सेंग रुग्णालयाजवळ ली काँग चियान वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिली तुकडी २०१३ची. तिथली मुलं आधी घरी अभ्यास करतात आणि वर्गात आल्यावर चाचणी देतात, आधी एकट्याने, मग तीच गटाने. 'वाचलंय सर' म्हणून सुटका नाही. यात पैशाचा काय संबंध? हे आपल्या तालुक्याच्या कॉलेजातही जमेल.

शाळेत आपल्याला एक तृतीयांश सारांश शिकवला, म्हणजे शब्द मोजायला शिकवलं. शोधनिबंधाला ते पुरत नाही. प्रश्न काय होता? किती नमुन्यांवर, कसा तपासला? मुख्य आकडा काय आला? लेखकाचा दावा काय? आणि तो दावा त्या आकड्याला पेलतो का? निबंध मिटून अर्ध्या पानात एवढं लिहा. शेवटचा प्रश्न गोषवाऱ्यात सापडत नाही, त्यासाठी तक्ते उघडावेच लागतात.

आणि पहिला खर्डा मराठीत लिहा. हा भाषाभिमान नाही, सोय आहे. इंग्रजी वाक्य इंग्रजीत फिरवता येतं, न समजलेलं मराठीत सांगता येत नाही. पहिल्याच ओळीला पेन अडतं.

'आता एआय करून देतं की!' देतं ना. पण ते बरोबर आहे की नाही, हे कोण ठरवणार? ज्याला स्वतःला सारांश लिहिता येतो तोच.

तेव्हा सर, पाच सारांश मागू नका. एकच मागा, आणि दोन मिनिटं समोर उभं करून त्यावर विचारा. पानं मोजायला शिपाईही चालतो.