निर्मळ स्वराची बाजू

(द्वितीय वर्ष, कला)

ज्याचा आवाज मोठा तो गायक मोठा, अशी एक समजूत जगात सगळीकडे आढळते. सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जो दणदणीत पोहोचतो तोच खरा आवाज, बाकीचे सगळे कोमट! पाश्चात्त्य संगीतात या समजुतीला ज्यांनी कसलाही गाजावाजा न करता धक्का दिला, त्यांत एमा कर्कबी या इंग्रज गायिकेचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांच्या गाण्याविषयी दोन तट आहेत. एक तट म्हणतो, इतका शुद्ध स्वर दुसरा नाही. दुसरा म्हणतो, स्वर शुद्ध खरा, पण त्यात रक्त नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही तटांनी शब्दच चुकीचा निवडला आहे.

आधी थोडी ओळख. स्त्रीकंठातील सर्वांत उंच पट्टीच्या आवाजाला पाश्चात्त्य संगीतात सोप्रानो म्हणतात. सोप्रानो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ऑपेराची नायिका उभी राहते. तिचा आवाज भरदार असतो आणि प्रत्येक लांब स्वरावर सतत थरथरत असतो. या थरथरीला व्हायब्राटो म्हणतात. स्वर आपल्या जागेच्या किंचित वर आणि किंचित खाली, सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा हलत राहतो. हा काही दोष नव्हे. एकोणिसाव्या शतकात नाट्यगृहे मोठी झाली, वाद्यवृंद वाढले आणि त्या गजरातून एकट्या माणसाचा कंठ ऐकू यावा म्हणून आवाजाची ही घडण पक्की होत गेली. गरजेतून आलेली गोष्ट होती ती. पण पुढे झाले असे की, ही गरज निर्माण होण्याच्या दोन-तीनशे वर्षे आधी रचलेली गाणीही त्याच आवाजात गायिली जाऊ लागली. एका ल्यूटच्या साथीने लहानशा दिवाणखान्यात म्हणायचे गीत ऑपेराच्या थाटात म्हटले, तर काय होईल? निरोपाची चिठ्ठी चौकात दवंडी पिटून वाचावी, तसेच काहीसे.

कर्कबीबाईंचा जन्म १९४९ चा. ऑक्सफर्डला त्यांनी ग्रीक-लॅटिन वाङ्मयाचा अभ्यास केला आणि नंतर शाळेत शिकवले. व्यावसायिक गायिका व्हायचे त्यांच्या मनातही नव्हते. हौस म्हणून त्या लहान लहान गायनसंघांत जुनी गाणी गात. त्याच सुमारास, म्हणजे १९७० च्या आसपास, इंग्लंडमध्ये जुने संगीत जुन्याच वाद्यांवर वाजवण्याची चळवळ जोर धरीत होती. अँथनी रूली यांचा ‘कॉन्सॉर्ट ऑफ म्युझिक’, अँड्र्यू पॅरट यांचा ‘टॅव्हर्नर कॉयर’, ख्रिस्तोफर हॉगवुड यांनी १९७३ मध्ये स्थापन केलेली ‘अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक’, या मंडळींनी पोलादाऐवजी आतड्यापासून केलेल्या तारा चढवल्या, हार्प्सिकॉर्ड बाहेर काढले, पट्टी खाली आणली. आज वाद्ये लावताना ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा धरतात. हे लोक बरोक काळातील संगीतासाठी तो बहुधा ४१५ चा धरू लागले, म्हणजे सुमारे अर्ध्या स्वराने खाली. वाद्ये मिळाली, पण त्यांच्या शेजारी शोभेल असा कंठ संगीतविद्यालयांतून तयार होऊन येत नव्हता. तो कर्कबीबाईंना स्वतःच शोधावा लागला.

त्यांनी काय शोधले हे ऐकायचे असेल तर जॉन डाउलंडपासून सुरुवात करावी. डाउलंडचा जन्म १५६३ चा, आणि त्याच्या गीतांचे पहिले पुस्तक निघाले १५९७ मध्ये. ल्यूटचा आवाज मुळातच नाजूक. कर्कबीबाई त्याच्यावर चढून गात नाहीत, त्याच्या शेजारी बसून गातात. शब्दाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे व्यंजन स्पष्ट ऐकू येते. सोळाव्या शतकातले इंग्रजी माझ्यासारख्याला कितीसे कळणार? पण शब्द कुठे संपला, कुठल्या शब्दावर तिने श्वास रोखला, हे मात्र कळते.

दुसरे उदाहरण हेन्री पर्सेलच्या ‘डायडो अँड ईनियस’चे. या लहानशा ऑपेराचा सर्वांत जुना ज्ञात प्रयोग लंडनजवळच्या चेल्सी येथे मुलींच्या एका शाळेत, १६८९ च्या सुमारास झाला. डायडो राणीची कथा मूळची व्हर्जिलच्या लॅटिन महाकाव्यातली, म्हणजे आमच्या गायिकेच्या अभ्यासाचाच विषय. १९८१ मध्ये पॅरट यांच्या ध्वनिमुद्रणात त्यांनी डायडोची भूमिका गायिली. अखेरच्या विलापात खर्जाची एक लहानशी स्वरावली पायरीपायरीने खाली उतरते आणि पुन्हा पुन्हा तशीच येत राहते. तिच्यावर राणीचा कंठ सरळ उभा असतो. तो कुठेही हुंदका देत नाही. आणि म्हणूनच, एखाद्या स्वरावर तो किंचित हलला की ऐकणाऱ्याच्या पोटात कालवते. सतत थरथरणाऱ्या आवाजाला ही एक थरथर दाखवता येत नाही, कारण ती त्याने आधीच खर्च केलेली असते. कर्कबीबाईंच्या गाण्यात कंप अजिबात नाही असे म्हणणाऱ्यांनी ते नीट ऐकलेले नाही. कंप आहे, पण तो दागिन्यासारखा, जागा पाहून घातलेला.

तिसरे उदाहरण हॅन्डेलच्या ‘मसाया’चे. याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. पहिला प्रयोग डब्लिनला १७४२ मध्ये झाला. पुढे लंडनच्या अनाथ मुलांच्या आश्रमासाठी हॅन्डेल त्याचे प्रयोग करीत असे. तिथल्या १७५४ च्या प्रयोगाच्या हिशेबावरून दिसते की, गाणारे-वाजवणारे मिळून साठाच्या आतच होते. हॅन्डेलच्या मृत्यूनंतर, १७८४ साली वेस्टमिन्स्टर ॲबेतील स्मरणोत्सवात ही संख्या पाचशेच्या वर गेली, आणि १८५९ मध्ये क्रिस्टल पॅलेसमधील उत्सवात ती हजारोंवर पोहोचली. हॉगवुड यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ध्वनिमुद्रणात १७५४ चीच संहिता आणि तसाच लहान ताफा घेतला. त्यातील एक सोप्रानो कर्कबी होत्या. अवाढव्य इमारतीवरचे शेवाळ खरवडून काढावे आणि आत एक सुबक घर निघावे, तसा अनुभव अनेकांना आला.

मोठ्या आवाजाच्या भक्तांना याच ‘मसाया’तील एक गोष्ट सांगावीशी वाटते. डब्लिनच्या पहिल्या प्रयोगात गायिलेली सुझॅना सिबर ही मुळात नटी म्हणून नाव मिळवणारी बाई. तिचा आवाज म्हणजे नुसता धागा होता आणि संगीताचे ज्ञानही बेताचे होते, असे त्या शतकाचा संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी लिहितो. पण तोच पुढे सांगतो की, शब्दांची तिची जाण इतकी अचूक होती की जिथे मोठमोठ्या गळ्यांचे गायक कानापर्यंतच पोहोचत, तिथे ती हृदयात शिरे. लहान आवाजाच्या बाजूने याहून चांगली साक्ष कोणती हवी?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप, हे गाणे थंड आहे. याचे उत्तर वर आलेच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुने लोक असेच गात होते कशावरून? त्या काळाचे ध्वनिमुद्रण नाही. बाखच्या लाइपझिगमधील चर्चमध्ये सोप्रानोचे स्वर मुलगे गात, स्त्रिया नव्हेत. हॅन्डेलच्या इटालियन ऑपेरांत लहानपणी शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटू दिलेला नसे असे पुरुष गात. रिचर्ड तारुस्किन या अमेरिकन अभ्यासकाने तर स्पष्टच म्हटले की, ज्याला आपण अस्सल जुने समजतो ती खरे म्हणजे विसाव्या शतकाचीच आवड आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. कर्कबीबाईंचा आवाज म्हणजे सोळाव्या शतकाचा आवाज, असा दावा कोणी केला तर तो टिकणार नाही. पण म्हणून त्या आवाजाचे मोल घटते काय? मुळीच नाही.

कारण घोटाळा आहे तो ‘शुद्ध’ या शब्दात. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. ‘शुद्ध’ हा शब्द माझ्यासारख्यांनी फार ऐकलेला असतो. ‘न’ आणि ‘ण’ यांची अदलाबदल झाली की वर्गात हशा पिकतो, आणि ‘आधी शुद्ध बोलायला शीक’ असे ऐकावे लागते. शुद्ध म्हटले की लगेच अशुद्ध कोण ते ठरते. मग कूळ विचारले जाते, सोवळे-ओवळे येते, आणि कोणीतरी उंबऱ्याबाहेर उभा राहतो. जुन्या संगीताच्या चळवळीतही काही जणांनी असे सोवळे पाळले आणि व्हायब्राटोने गाणाऱ्यांना जवळजवळ वाळीत टाकले. तेही चूकच. क्रिस्टल पॅलेसमधले ते हजारो गाणारे लोक मूर्ख नव्हते. त्यांनाही त्या संगीतावर प्रेमच होते.

म्हणून कर्कबीबाईंच्या स्वराला मी ‘निर्मळ’ म्हणेन. निर्मळ हा शब्द आपण पाण्याला लावतो. निर्मळ पाण्याचे कूळ कोणी विचारीत नाही. त्यातून तळ दिसतो, एवढेच पुरे असते. या स्वरातून शब्द दिसतो, शेजारच्या वाद्याचा स्वर दिसतो, रचनाकाराने एकावर एक रचलेल्या ओळी वेगळ्या वेगळ्या दिसतात. हा गुण १६०० साली होता की नव्हता, याचा निकाल लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तो आज आपल्या कानांना पटतो, हेच त्याचे प्रमाण. आणि त्यासाठी लागते ती साधना काही कमी नाही. भरघोस आवाजात एखादा स्वर जरा ढळला तर खपून जातो. इथे केसभर चूकही उघडी पडते.

इंग्लंडने २००७ मध्ये कर्कबीबाईंना ‘डेम’ हा मानाचा किताब दिला. त्यांची ध्वनिमुद्रणे शंभराहून अधिक आहेत आणि आज ती कोणालाही घरबसल्या ऐकता येतात. माझी वाचकांना एवढीच विनंती, की एकदा रात्री सारे सामसूम झाल्यावर डाउलंडचे एखादे गीत लावावे, आणि आवाज वाढवू नये. आहे तेवढ्यातच ऐकावे. बाकीचे काम तो धागा करील.