सातपुडा दहा किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर का?



दीपनगर औष्णिक वीजकेंद्राच्या राखेवर आपल्या दैनिकात आठवडाभर पत्रे येत आहेत. वेल्हाळ्याचे राखेचे तळे आणि केळीच्या पानांवर बसणारी राख, या तक्रारी खऱ्याच आहेत. पण राख दिसते म्हणून तिच्यावर भांडण होते. चिमणीतून न दिसता जे बाहेर पडते त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. सातपुड्यावरचा धूसरपणा म्हणजे हिवाळ्यातले धुके, असा निर्वाळाही एका वाचकाने दिला आहे. धुके ऊन चढले की विरते. भर दुपारी फैजपूर-सावद्याहून डोंगराच्या रांगा ओळखू येत नसतील, तर त्याला धुके म्हणू नये.

कोळशातला गंधक जळला की सल्फर डायऑक्साइड तयार होतो. राख अडवणारी यंत्रे हा वायू अडवू शकत नाहीत. हवेत त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात, दमट हवेत ते फुगतात, उजेड विखुरतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. चिमणी उंच केली तर जवळच्या गावाचा त्रास कमी होतो, पण वायू संपत नाही. तो लांबच्या माणसांच्या आणि जंगलाच्या वाट्याला येतो.

आता नियम बघा. या वायूवर केंद्र सरकारने 7 डिसेंबर 2015 रोजी मर्यादा घातली, मग मुदतीमागून मुदत दिली आणि जुलै 2025 मध्ये देशातील कोळशावरच्या तीन चतुर्थांशांहून अधिक वीजसंचांना त्यातून सूटच देऊन टाकली. अट राहिली ती चिमणीच्या उंचीची! सूट कुणाला, हे ठरले दहा किलोमीटरवरून. दहा लाखांवर वस्तीचे शहर, अतिप्रदूषित क्षेत्र किंवा हवेची मानके न पाळणारे शहर दहा किलोमीटरच्या आत नसेल, तर वीजकेंद्र सुटले. जळगाव शहर त्या मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आहे, पण दीपनगर तेथून दहा किलोमीटरच्या बाहेर आहे. अभयारण्य किती अंतरावर आहे, हे तर या वर्गवारीत विचारलेलेच नाही.

औष्णिक प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांचा अहवालही सहसा दहा किलोमीटर परिघापुरताच असतो. यावल अभयारण्यातले पाल दीपनगरहून सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. मुक्ताई-भवानीचे वाघांचे जंगल, चाळीसगावकडचा गौताळा, शिरपूर तालुक्यातील अनेर, हे सारे वर्तुळाबाहेरच. शेकडो किलोमीटर जाणारे कण दहा किलोमीटरच्या पट्टीने मोजायचे, हे कोणत्या शास्त्रात बसते?

अमेरिकेने 1977 मध्ये कायद्यातच लिहिले की राष्ट्रीय उद्यानांतून आणि अरण्यांतून लांबचे स्वच्छ दिसले पाहिजे. आज तेथे 156 ठिकाणांना हे संरक्षण आहे आणि मोठ्या प्रकल्पांची तपासणी शंभर किलोमीटर व प्रसंगी त्याहून दूरच्या अरण्यापर्यंत होते. ग्रँड कॅन्यनवर धूसरपणा आणणाऱ्या नावाहो वीजकेंद्राला 1991 मध्ये सल्फर डायऑक्साइड नव्वद टक्के कमी करण्याचा आदेश निघाला आणि यंत्रे बसलीही. आपल्याकडेही 2009 च्या मानकांत केंद्राने अधिसूचित केलेल्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रासाठी या वायूची वार्षिक मर्यादा घनमीटरला 20 मायक्रोग्रॅम आहे, इतरत्र 50. म्हणजे अरण्याची हवा अधिक स्वच्छ हवी हे सरकारला मान्य आहे. मग जळगावची हवा बी. जे. मार्केट, गिरणा टाकी आणि एमआयडीसीत मोजली जाते, तशी ती डोंगरात का मोजू नये?

सगळा दोष दीपनगरचाच, असे माझे म्हणणे नाही. जाळलेली पळाटी, वीटभट्ट्या, महामार्ग यांचाही वाटा आहे. हवेतले कण गाळून तपासले की सल्फेट किती, काजळी किती, धूळ किती हे कळते. न मोजताच सूट देणे मात्र अन्याय आहे.

आणि अन्याय कुणावर? सातपुड्यात वणवा लागला की पहिले बोट पावरा आणि तडवी आदिवासींच्या पाड्यांकडे जाते. अभयारण्यालगत शेड बांधायची तर शेतकऱ्याला दहा परवानग्या लागतात. जंगलाचे सारे नियम गरिबाच्या दारात येऊन थांबतात, पण चिमणीला कुणी हटकत नाही.

प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाल येथे हवा आणि दृश्यमानता मोजणारे केंद्र उभारावे. दीपनगरचे 500 मेगावॉटचे दोन आणि 660 मेगावॉटचा सहावा, या प्रत्येक संचातून किती सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो, याचे आकडे दरमहा मराठीत जाहीर व्हावेत. पुढच्या प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात शंभर किलोमीटरच्या आतील सर्व अभयारण्ये आलीच पाहिजेत. जळगाव आणि धुळ्याच्या खासदार-आमदारांनी राखेइतकाच हा प्रश्नही सभागृहात लावून धरावा, ही आग्रहाची मागणी.

— एक निवृत्त भूगोल शिक्षक, फैजपूर (ता. यावल)