ट्रॉलीचे टायर घेतांना

गळिताचा हंगाम जवळ आला म्हणजे आपल्याकडील बागाईतदार ट्रॅक्टरचें तेल बदलतो, हुकाची पिन तपासतो आणि पावसाळाभर वस्तीजवळ उभ्या असलेल्या ट्रॉलीकडे सर्वांच्या शेवटीं वळतो. तिच्या चार टायरांपैकीं एखादा बसलेला असतो. मग मुलास मोटारसायकलवरून तालुक्याच्या गांवीं धाडण्यांत येतें व "एखादा चांगलासा पाहून आण" एवढेंच त्यास सांगण्यांत येतें. चांगलासा म्हणजे कोणता, हें सांगणाऱ्यास ठाऊक नसतें व आणणाऱ्यासही नसतें. काय तें दुकानदारास ठाऊक असतें. त्याच टायरावर पुढें चार महिने कित्येक टन ऊस चढतो, आणि तो फुटून ट्रॉली कलंडली तर शेजारून सायकलीवर जाणाऱ्या माणसाचा त्यांत कांहींच अपराध नसतो. म्हणून ही माहिती शेतकरीबंधूंच्या स्वतःच्या हातीं असावी, असें आम्हांस वाटतें.

ट्रॉलीच्या टायराविषयीं पहिली गोष्ट ध्यानांत धरावयाची ती ही कीं, तो पुष्कळदां झिजून मरत नाहीं. म्हातारा होऊन मरतो. ट्रॉली हंगामांत रात्रंदिवस राबते आणि उरलेलें निम्म्याहून अधिक वर्ष उन्हापावसांत एकाच जागीं उभी असते. हवेंतील प्राणवायु रबरांत हळूहळू मुरतो व तें कठीण होतें. ओझोन नांवाचा वायु त्यास बारीक चिरा पाडतो. या चिरा पडूं नयेत म्हणून कारखानदार रबरांत एक प्रकारचें मेण घालतात. टायर फिरत व दबत असला म्हणजे तें मेण पृष्ठभागावर येत राहतें; उभ्या टायरांत तें पुरेसें येत नाहीं. त्यामुळें नक्षी नव्यासारखी उठावदार, पण बाजूवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा, असा टायर आपणांस दिसतो, आणि भरल्या ओझ्याखालीं तोच दगा देतो. अमेरिकेंत सुटीच्या दिवसांत मोटारीमागें जोडून न्यावयाचीं चाकांवरचीं घरें असतात. तींही वर्षाचा बराच भाग अंगणांत उभीं असतात, आणि त्यांच्या मालकांचें गाऱ्हाणें हेंच आहे: नक्षी शाबूत, टायर गेला. तेथें अशा ओढीच्या गाड्यांसाठीं 'एस.टी.' अक्षरांचे निराळे टायर मिळतात. (आपल्या लाल गाडीशीं त्या अक्षरांचा कांहीं संबंध नाहीं.)

तेव्हां टायराचें वय पहावें, आणि तें दुकानदारास न विचारतां टायरासच विचारावें. जमिनीची हकीकत विकणाऱ्याच्या तोंडून न ऐकतां सातबाऱ्यावर वाचावी, हें लोकांस सांगण्यांत आमची सारी नोकरी गेली. टायराचा सातबारा त्याच्या बाजूवर असतो. तेथें चार आंकडे सांपडतील. त्यांतील पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन सालाचे. २३२४ असें असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत, म्हणजे जून महिन्यांत, तयार झाला. हे आंकडे पुष्कळ वेळां एकाच बाजूस असतात, म्हणून टायर उलटून पहावा. आंकडे घासलेले असतील तर पुढें बोलणेंच नको. तालुक्याच्या एका दुकानांत आम्हांस 'नवा' म्हणून दाखविलेला टायर पांच वर्षांचा निघाला. दुकानदार म्हणाला, "रावसाहेब, वापरलाच नाहीं, म्हणजे नवाच कीं!" हा न्याय त्यानें सोयाबीनच्या पांच वर्षें पोत्यांत राहिलेल्या बियाण्यास लावून पहावा. कांहीं मोठे कारखानदार पांच वर्षांनंतर टायराची दर वर्षीं तपासणी करण्यास व दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी तो काढून टाकण्यास सांगतात. ही झाली सावलींत ठेवलेल्या मोटारीची गोष्ट. उन्हांत उभ्या राहणाऱ्या व जड ओझें वाहणाऱ्या ट्रॉलीस सहा-सात वर्षें पुष्कळ झालीं, आणि विकत घेतांना तर एक वर्षाहून जुना टायर घेऊंच नये, असें आमचें मत आहे.

दुसरी गोष्ट ओझ्याची. टायराच्या मापाशेजारीं एक आंकडा असतो, त्यास भारांक म्हणतात; त्यावरून एका टायरानें पूर्ण हवेवर किती वजन पेलावें तें ठरतें. भारांक १२० म्हणजे १४०० किलो. अशा चार टायरांची चार चाकी ट्रॉली एकंदर ५६०० किलो पेलील. तींत ट्रॉलीचें स्वतःचें वजन १६०० धरलें तर उसासाठीं ४००० किलो, म्हणजे चार टन राहिले. आतां तींत आठ टन भरले तर प्रत्येक टायरावर २४०० किलो येतात. हा हिशेब पाटीवर मांडून पहावा. त्यास तिसरीच्या पुढचें गणित लागत नाहीं. वाहतुकीचा दर टनावर मिळतो, म्हणून भरणारा भरतो, हें आम्ही जाणतों. पण या ओझ्यास विश्वासू टायर कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. भारांकापुढील 'ए८' हीं अक्षरें असतील तर तो टायर ताशीं ४० किलोमीटरचा समजावा. पूर्वीपासून चालत आलेली 'पी.आर.' ही खूणही पहावी. १६ पी.आर. म्हणजे आंत सोळा पदर आहेत असें नव्हे, तितकी ताकद आहे एवढेंच. एका आंसावर दोन्ही टायर एकाच मापाचे व एकाच जातीचे असावेत: ७.५०-१६ असें मधें आडवी रेघ देऊन लिहिलेला टायर नायलॉनचा व ७.५० आर १६ हा रेडियल, त्यांची जोडी लावूं नये.

रिमोल्ड टायराविषयीं लोक आम्हांस नेहमीं विचारतात. सांगाडा तरुण व निर्दोष असेल, तर त्यावर नवें रबर चढविण्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु बाजारांत जो स्वस्त रिमोल्ड मिळतो त्याचा सांगाडा कोणाच्या ट्रकखालीं किती वर्षें दबला, हें कोण सांगणार? स्वतःचा चार वर्षांच्या आंतील टायर स्वतः देऊन रबर चढवून घ्यावें; दुसऱ्याचा घेऊं नये. बैलगाडीचे 'ए.डी.व्ही.' टायर बैलाच्या चालीसाठीं आहेत. लोखंडी धांवेच्या जागीं ते आल्यापासून बैलांचे खांदे पुष्कळ वांचले. पण ते ट्रॅक्टरमागें लावूं नयेत. आणि नव्या टायरांत जुनी ट्यूब घालूं नये: ती ताणून वाढलेली असते, आंत तिची घडी पडते व घडीवर ती फाटते.

हवा सकाळीं, चाक थंड असतां पहावी. कमी हवेचा टायर अधिक दबतो, दबून तापतो व तापून त्याचे पदर सुटतात. वाटेंत टायर गरम झाला म्हणून हवा सोडणारे चालक आम्हीं पाहिले आहेत. ते आगींत तेल ओततात. हंगाम संपल्यावर आंसाखालीं ठोकळे देऊन ट्रॉली उचलून ठेवावी, टायरांवर ताडपत्री टाकावी व ऑईल सांडूं देऊं नये. विहिरीच्या मोटरीच्या खोलींत जादा टायर ठेवण्याची चाल आहे, ती सोडावी. विजेच्या मोटरीजवळ तोच ओझोन वायु उत्पन्न होतो.

एकट्या शेतकऱ्यास दुकानदार तारखेवरून नाहीं म्हणूं शकतो. चाळीस टायरांच्या मागणीस तो नाहीं म्हणणार नाहीं. आपल्या सोसायटीनें सभासदांकडून ट्रॉलीचीं मापें श्रावणांतच मागवावीं, मागणींत "सहा महिन्यांच्या आंतील माल" अशी अट लेखी घालावी, आणि माल दसऱ्यापूर्वीं उतरून घेतांना प्रत्येक टायराचा क्रमांक व तारीख पावतीवर व नोंदवहींत लिहवून घ्यावी. ही नोंदवही लिहिण्यास माणूस मिळत नसेल, तर प्रस्तुत लेखक तें काम विनावेतन करण्यास तयार आहे.