करवत घेण्याआधी दात मोजा

विज्ञान प्रदर्शन जवळ आले की शाळेच्या प्रयोगशाळेत एक देखावा हमखास दिसतो. अपवर्तनाच्या प्रयोगासाठी पाण्याची पेटी करायची म्हणून अ‍ॅक्रिलिकची शीट आणलेली असते. कोणीतरी सुताराची करवत पैदा करतो. निम्मी शीट कापून होते न होते तोच ‘कट्’ असा आवाज येतो आणि तडा भलत्याच दिशेला धावतो. मग सर म्हणतात, “तुझा हातच जड!” माझ्याही बाबतीत हेच झाले होते, आणि पुढे कित्येक वर्षे मी स्वतःला धसमुसळा समजत होतो. आज माझे स्पष्ट मत असे आहे की अशा वेळी दोष हाताचा क्वचितच असतो. बहुधा तो पात्याचा असतो.

असे का, ते पाहा. इंचाला ८ दात असलेली करवत घेतली, तर दोन दातांमधले अंतर ३ मिलिमीटरांहून किंचित जास्त भरते. आणि आपली शीट असते ३ मिलिमीटर जाडीची! म्हणजे शीटची कड दोन दातांमधल्या खाचेत अलगद उतरते आणि पुढचा दात तिला कापण्याऐवजी तिच्यावर आदळतो. लाकडातले तंतू हा धक्का सोसतात. अ‍ॅक्रिलिक कडक असले तरी ठिसूळ आहे. त्याला तडा जातो.

वर्कशॉपमध्ये एक साधा नियम पाळतात: कापायच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात असावेत. हॅकसॉची पाती इंचाला १४, १८, २४ आणि ३२ दातांची मिळतात. २५.४ ला ३२ ने भागा. अंतर येते सुमारे ०.८ मिलिमीटर, म्हणजे ३ मिलिमीटरांत तीनाहून अधिक दात बसतात. हाताशी २४ दातांचेच पाते असेल तरी बिघडत नाही. ते शीटशी ३० अंशांचा कोन करून तिरपे चालवा. कापाची लांबी दुप्पट, ६ मिलिमीटर होते आणि पाच दात एकदम लागतात. भूमितीच्या तासाला शिकलेले ३० अंशांचे ‘साइन’ इथे उपयोगी पडते.

मग सगळ्यांत बारीक दातांचे पाते घेतले की झाले, असे मात्र समजू नका. १२ मिलिमीटर जाडीचा ठोकळा ३२ दातांच्या पात्याने कापून पाहा. भुसा दातांमधल्या इवल्याशा जागेत कोंबला जातो, पाते कापायचे सोडून नुसते घासू लागते आणि घर्षणाने तापते. अ‍ॅल्युमिनिअम ही उष्णता झटकन वाहून नेते. अ‍ॅक्रिलिकची उष्णतावाहकता त्याच्या सुमारे हजाराव्या हिश्शाएवढी. त्यामुळे उष्णता कापाच्या जागीच साचते. अ‍ॅक्रिलिक सुमारे १०० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. भुसा चिकट होतो आणि पाते जागीच अडकून बसते. जाड ठोकळ्याला १८ दातांचे पाते बरे. हात सावकाश चालवावा, मधूनमधून साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडावेत.

आता पात्याच्या जाडीविषयी. पाते जितके पातळ तितका कमी माल खरवडावा लागतो. जोर कमी, उष्णताही कमी. पण पातळ पाते पुढे ढकलले की पोस्टकार्डासारखे वाकते. म्हणून हॅकसॉच्या चौकटीत ते स्क्रूने ताणून बसवतात. चौकटीत पाते ढिले असेल तर काप वाकडा जाणारच. जपानी सुतारांनी यावर वेगळाच तोडगा काढला: त्यांची करवत ओढताना कापते. ओढताना पाते आपोआप ताणले जाते, म्हणून ते फारच पातळ ठेवता येते. वक्र आकार कापायला सोनार वापरतात तशी, तारेसारख्या पात्याची करवत घ्या. ती पाती मोडतात फार. चार जास्तच आणून ठेवा.

शिक्षकांनाही एक सांगणे आहे. खरेदीच्या यादीत नुसते ‘हॅकसॉ पाते, १ डझन’ असे लिहू नका. दातांची संख्याही लिहा. नाहीतर दुकानदार जे हाती लागेल ते देतो आणि बोल मात्र मुलांना लागतो. शिवाय अपघाताच्या भीतीने सगळी कापाकापी सुताराकडे पाठवणे मला पटत नाही. व्हाइसमध्ये नीट पकडलेली शीट, योग्य पाते आणि डोळ्यांवर चष्मा एवढे असले, तर आठवीतली मुलगी हे काम बिनधोक करते. सरळ रेषेतच कापायचे असेल तर करवतही नको. पाट्या रंगवणारे कारागीर जुन्या हॅकसॉ पात्याला टोक काढून पट्टीच्या कडेने शीटवर पाच-सहा वेळा खोल रेघ ओढतात आणि टेबलाच्या काठावर ती मोडतात.

करवतीने कापताना शेवटच्या इंचाला मात्र सांभाळा. सुटत आलेला तुकडा स्वतःच्या वजनानेच खाली झुकतो आणि तिथेच तडा जातो. तो तुकडा मित्राला खालून अलगद धरायला सांगा. आणि कापलेली कड स्पिरिटने पुसू नका. तिच्यावर केसासारख्या बारीक चिरा उमटतात. ओले फडके पुरते.