आरेचं दूध रसायनशास्त्राच्या वर्गात का नाही?

आरे कॉलनीचं नाव हल्ली निघतं ते झाडांवरून, बिबट्यांवरून, मेट्रोच्या कारशेडवरून. ते वाद महत्त्वाचेच आहेत. पण १९४९ मध्ये ही वसाहत वसली ती दुधासाठी. शहरात दाटीवाटीनं उभ्या असलेल्या तबेल्यांतल्या म्हशी गोरेगावच्या मोकळ्या रानात आणण्यामागे दारा खुरोडी होते. १९६३ मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

इतका दुधाचा वारसा असलेल्या उपनगरांत मुलं समविद्युत बिंदूची व्याख्या मात्र घोकून पाठ करतात. ज्या सामूला अमिनो आम्लावरचे धन आणि ऋण भार समसमान होतात, तो हा बिंदू. परीक्षेत दोन गुण मिळतात आणि विषय संपतो.

खरं तर तो तिथून सुरू व्हायला हवा. ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो. तेव्हा केसीन या प्रथिनाच्या कणांवर ऋण भार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात आणि दूध एकजीव राहतं. विरजणातले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, सामू उतरत ४.६ ला येतो, केसीनवरचा भार शून्य होतो आणि कण एकमेकांना चिकटतात. दही लागतं. दूध गरम असेल तर इतकं खाली जावंही लागत नाही: पनीर पाचाच्या वरच फुटतं आणि किंचित आंबलेलं दूध उकळताना नासतं. चक्का टांगल्यावर गळणाऱ्या निवळीतही प्रथिनं असतात, कारण ती या सामूलाही विरघळलेली राहतात. ती निवळी मोरीत ओतणं म्हणजे चांगलं अन्न वाया घालवणं.

हेच तत्त्व मधुमेहींच्या औषधात आहे. ग्लार्जिन इन्सुलिनमध्ये दोन आर्जिनिन जोडून आणि एक अमिनो आम्ल बदलून समविद्युत बिंदू ५.४ वरून ६.७ च्या जवळ नेला आहे. सामू ४ असलेल्या कुपीत ते विरघळलेलं, नितळ असतं. त्वचेखाली सामू ७.४ भेटताच त्याचे बारीक कण होतात आणि ते हळूहळू विरघळत राहतात. म्हणून बहुतेकांना दिवसातून एकच टोचणी पुरते.

गोरेगाव, अंधेरी, मुलुंडच्या शाळांनी हा धडा पुस्तकातून प्रयोगशाळेत आणावा. वाटीभर दूध, लिंबू आणि सामूपट्टी एवढंच लागतं. आरेची सहल निघते तेव्हा मुलांना बागेसोबत तबेलाही दाखवावा आणि तिथल्याच दुधावर हा प्रयोग करू द्यावा.